विश्लेषण : एक गोल, एक असिस्ट, एक मारामारी... ‘गॉर्डी हाउ हॅटट्रिक’ नोंदवहीबाहेर का?

आइस हॉकीच्या एकाच सामन्यात एखाद्या खेळाडूने स्वतः गोल केला, सहकाऱ्याच्या गोलला हातभार लावला आणि वर प्रतिस्पर्ध्याशी हातमोजे फेकून मारामारीही केली, तर त्याच्या नावावर ‘गॉर्डी हाउ हॅटट्रिक’ लागते. चाहते ती मोजतात, समालोचक तिचा गजर करतात, संघ समाजमाध्यमांवर तिची चित्रफीत टाकतात. मात्र नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) अधिकृत आकडेवारीत तिचा रकाना नाही. आणखी गंमत म्हणजे ज्या महान खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते, त्याने एनएचएलच्या २६ हंगामांत ती अवघी दोनदा साधली होती. मग हे नाव टिकले कसे? आणि मारामारीला कौशल्याच्या पंगतीत बसवणाऱ्या या विक्रमाची किंमत कोणी मोजली?

हॅटट्रिक, पण तीन गोलांची नव्हे

हॅटट्रिक हा शब्द मुळात क्रिकेटचा. १८५८ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे एच. एच. स्टीफनसन या गोलंदाजाने सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांत वर्गणी जमवण्यात आली आणि त्या पैशांतून त्याला टोपी भेट देण्यात आली. तिथून हा शब्द रुळला. मराठी वाचकाला हॅटट्रिक म्हटले की ३१ ऑक्टोबर १९८७ चे नागपूर आठवते. न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांचे त्रिफळे उडवून चेतन शर्माने विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक नोंदवली ती तिथेच.

आइस हॉकीनेही हा शब्द उचलला. तिथे एका सामन्यात तीन गोल म्हणजे हॅटट्रिक आणि ती झाली की प्रेक्षक आपल्या डोक्यावरच्या टोप्या खरोखरच बर्फावर फेकतात. खेळ थांबतो, कर्मचारी टोप्या गोळा करतात, मग खेळ पुढे सुरू होतो.

दोन्हीकडे एकच गोष्ट तीनदा केली जाते. गॉर्डी हाउ हॅटट्रिकमध्ये मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. गोल तर कळतो. ‘असिस्ट’ म्हणजे गोल होण्याआधी पक, म्हणजे रबराची जाडसर चकती, गोल करणाऱ्याकडे पोहोचवणाऱ्याला मिळणारे श्रेय. एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांना ते मिळते आणि खेळाडूच्या खात्यात गोलइतकाच एक गुण जमा होतो. तिसरी गोष्ट मारामारी. तिला नियमपुस्तकात शिक्षा आहे. म्हणजे या हॅटट्रिकमध्ये दोन कौशल्ये आणि एक गुन्हा अशी बेरीज आहे. क्रिकेटमध्ये अर्धशतक, दोन बळी आणि मैदानावर धक्काबुक्की अशी कामगिरी करणाऱ्याला कोणी अष्टपैलू म्हणून गौरवणार नाही. सामनाधिकारी त्याचे मानधन कापतील. आइस हॉकीत तोच खेळाडू ‘पूर्ण खेळाडू’ ठरतो. हा फरक समजून घ्यायचा तर आधी गॉर्डी हाउ समजून घ्यावा लागतो.

कोण होता गॉर्डी हाउ?

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील फ्लोरल या खेड्यात ३१ मार्च १९२८ रोजी त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांचे कुटुंब आणि महामंदीचा काळ. ऑक्टोबर १९४६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी तो डेट्रॉइट रेड विंग्ज संघाकडून पहिला एनएचएल सामना खेळला आणि त्यातच गोल केला. पुढची २५ वर्षे तो त्याच संघात राहिला. या काळात संघाने १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ अशी चार वेळा स्टॅनली चषकावर मोहोर उमटवली. हाउ सहा वेळा लीगमधील सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला आणि सहा वेळा सर्वांत मौल्यवान खेळाडू.

१९५० च्या प्ले-ऑफमध्ये टोरोंटो मेपल लीफ्सविरुद्ध तो कडेच्या फळ्यांवर डोके आपटून कोसळला. कवटीला तडा गेला. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी रातोरात शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचेल की नाही याचीच चिंता होती. पुढच्या हंगामात तोच ८६ गुणांसह लीगमध्ये पहिला आला.

१९७१ मध्ये तो निवृत्त झाला. पण दोन वर्षांनी मार्क आणि मार्टी या आपल्या दोन मुलांबरोबर खेळण्यासाठी वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये परतला. १९७९-८० च्या हंगामात हार्टफर्ड व्हेलर्सकडून तो पुन्हा एनएचएलमध्ये उतरला, तेव्हा त्याचे वय ५१ होते. त्या हंगामातले सर्व ८० सामने तो खेळला आणि १५ गोल केले. एकूण १,७६७ सामने, ८०१ गोल, १,०४९ असिस्ट. वेन ग्रेट्झकीने हे गुणांचे आणि गोलांचे विक्रम पुढे मोडले खरे. पण ग्रेट्झकीच्या पाठीवरचा ९९ हा क्रमांकही हाउच्या ९ या क्रमांकावरूनच आलेला. १० जून २०१६ रोजी हाउचे निधन झाले. डेट्रॉइट नदीवर अमेरिका आणि कॅनडा यांना जोडणाऱ्या नव्या पुलाला त्याचेच नाव देण्यात आले आहे.

या सगळ्यात मारामारी कुठे आली? हाउ अंगाने दणकट होता आणि खेळताना निर्दय. त्याची कोपरे विशेष प्रसिद्ध होती. पंचांची पाठ वळली की ती चालत. कोणी त्याला किंवा त्याच्या सहकाऱ्याला इजा केली तर तो लगेच काही करत नसे. पण हिशेब लक्षात ठेवत असे आणि कधी तरी तो चुकता होई.

मग फक्त दोनदाच का?

आज उपलब्ध नोंदींनुसार हाउची पहिली अशी हॅटट्रिक ११ ऑक्टोबर १९५३ रोजी झाली आणि दुसरी २१ मार्च १९५४ रोजी. दोन्ही टोरोंटोविरुद्ध, एकाच हंगामात. त्यानंतर जवळपास पाव शतक तो गोल करत राहिला, असिस्ट करत राहिला. पण तिसरा घटक जुळून आला नाही.

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी १ फेब्रुवारी १९५९ च्या एका प्रसंगात आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्सच्या लू फाँटिनॅटोने हाउला गाठले. फाँटिनॅटो हा त्या काळातला सर्वांत धसमुसळा खेळाडू. एका हंगामात २०० मिनिटांहून अधिक शिक्षा भोगणारा तो एनएचएलमधला पहिलाच. हाउने त्याच्या नाकाचा पार चुराडा केला. ‘लाइफ’ या अमेरिकेतील लोकप्रिय नियतकालिकाने पट्ट्या बांधलेल्या फाँटिनॅटोची छायाचित्रे छापली आणि ती देशभर पोहोचली. त्यानंतर हाउच्या वाटेला जाण्याआधी प्रत्येक जण दोनदा विचार करू लागला. मारामारी करण्याची वेळच त्याच्यावर क्वचित आली. मारामारीसाठी लक्षात राहिलेल्या माणसाची थोरवी त्याला मारामारी करावी लागली नाही यात होती. पण त्याच्या नावाच्या हॅटट्रिकमध्ये नेमकी हीच बाजू हरवते.

तसे पाहिले तर ही हॅटट्रिक हाउच्याही आधीची. एनएचएलच्या पहिल्याच हंगामात, २६ डिसेंबर १९१७ रोजी, टोरोंटोच्या हॅरी कॅमेरॉनने असा तिहेरी पराक्रम केल्याचे अभ्यासकांनी जुन्या नोंदींतून शोधून काढले आहे. नाव मात्र नंतर पडले आणि मागच्या तारखेने लागू झाले.

मारामारी चालते तरी कशी?

बर्फावरच्या हॉकीचे सामने आपल्याकडे नियमित पाहिले जात नाहीत, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडतो. पंच मध्ये का पडत नाहीत? एनएचएलमध्ये मारामारीला बंदी आहे असे म्हणता येत नाही आणि परवानगी आहे असेही म्हणता येत नाही. १९२२ पासून नियमपुस्तकात तिची स्वतंत्र नोंद आहे. शिक्षा पाच मिनिटांची. दोघांनी हातमोजे आणि स्टिक टाकल्या की लाइन्समन थोडे अंतर राखून उभे राहतात. दोघांपैकी एक जण बर्फावर पडला किंवा दोघेही दमले की मध्ये शिरतात. मग दोघेही पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसतात. पाच मिनिटांनी पुन्हा खेळायला मोकळे.

खरी मेख पुढे आहे. एखाद्याने प्रतिस्पर्ध्याला स्टिकने अडवले, पाय घातला, तर त्याला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी खेळतो. गोल खाण्याची ही सर्वांत धोक्याची वेळ. मारामारीत मात्र दोन्ही बाजूंचा एकेक जण आत जातो, शिक्षा सारखीच असते, म्हणून दोन्ही संघांना बदली खेळाडू उतरवता येतात. बर्फावर पाचास पाच कायम! म्हणजे पाय घालण्याची किंमत संघ मोजतो आणि ठोसे लगावण्याची फक्त ते दोघे. मारामारी टिकून राहण्यामागे परंपरा, मर्दानगी, प्रेक्षकांची आवड वगैरे कारणे सांगितली जातात. त्यांत तथ्य आहेच; पण हा हिशेब त्यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

नियम कडक झालेच नाहीत असे नाही. दोघांच्या भांडणात तिसरा पडला तर त्याची हकालपट्टी होते. कुरापत काढणाऱ्याला जादा शिक्षा आहे; १९९२ पासून ती अधिक कठोर झाली. मारामारीआधी स्वतःचे हेल्मेट काढण्यावरही बंदी आली. २००९ च्या सुरुवातीला ओंटारिओतील एका स्थानिक लीगमधला २१ वर्षांचा खेळाडू मारामारीत हेल्मेट निघून डोके बर्फावर आपटल्याने दगावला. त्यानंतर या मुद्द्यावर बोलणे टाळता येईनासे झाले होते.

ऑलिम्पिकसह आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीत मारामारी करणारा खेळाडू थेट सामन्याबाहेर जातो. भारतही या महासंघाचा सदस्य आहे. तिथे गॉर्डी हाउ हॅटट्रिक साधायची तर गोल आणि असिस्ट आधी उरकावे लागतील, कारण मारामारीनंतर परतीची वाट नाही.

ठोसे खाणारे वेगळे, गोल करणारे वेगळे

हाउचा आदर्श असा होता : जो खेळतो त्याने आपले भांडण आपणच भांडावे. प्रत्यक्षात १९७० नंतर एनएचएलमध्ये श्रमविभागणी झाली. गोल करणारे गोल करू लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी संघात ‘एन्फोर्सर’ नेमले जाऊ लागले. ग्रेट्झकी एडमंटनकडून विक्रमांचे डोंगर रचत होता, तेव्हा त्याच्या अंगाला हात लावणाऱ्याला डेव्ह सेमेन्को आणि पुढे मार्टी मॅक्सोर्ली यांच्याशी गाठ होती. एन्फोर्सर बर्फावर दोन-चार मिनिटे उतरायचा. बाकी सामना बाकावर बसून, आपली वेळ कधी येईल याची वाट पाहत.

डेरेक बूगार्ड हा असाच एक. एनएचएलमध्ये २७७ सामने, गोल ३, असिस्ट १३. शिक्षेची मिनिटे मात्र ५८९. समोरच्याच्या कवटीवर ठोसे मारून त्याचे हात सुजत, पाठ दुखे, डोक्याला मार बसे. वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन जडले. १३ मे २०११ रोजी मद्य आणि या गोळ्यांच्या एकत्रित परिणामाने त्याचा मृत्यू झाला. वय २८. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा ‘सीटीई’ हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी निगडित असलेला मेंदूचा विकार आढळला. इतक्या कमी वयात तो इतका पसरलेला पाहून संशोधकही हादरले. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन (२७) आणि वेड बेलॅक (३५) हे मारामारीसाठी ओळखले जाणारे आणखी दोन खेळाडू गेले. आदल्या वर्षी ४५ व्या वर्षी निधन पावलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही सीटीई आढळला होता.

लीगची भूमिका काय? आयुक्त गॅरी बेटमन यांनी हॉकी आणि सीटीई यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असेच सातत्याने म्हटले. निवृत्त खेळाडूंनी दाखल केलेल्या दाव्यात २०१८ मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड झाली. त्यातही लीगने जबाबदारी मान्य केली नाही. विज्ञानात ‘सिद्ध’ या शब्दाला जड अर्थ असतो हे खरे. तंबाखू उद्योगानेही अनेक दशके त्याच शब्दाच्या आड आसरा घेतला होता, हेही तितकेच खरे.

कोण मोजते? आणि कोण मोजत नाही?

गॉर्डी हाउ हॅटट्रिकच्या अनौपचारिक याद्यांत रिक टोकेटचे नाव बहुधा सर्वांत वर असते. त्याच्या नावावर १८ हॅटट्रिक सांगितल्या जातात. ४४० गोल आणि शिक्षेची २,९७२ मिनिटे अशी कारकीर्द असलेल्या खेळाडूबाबत हे पटण्यासारखेच. मात्र यादीगणिक आकडे बदलतात. जुन्या सामन्यांत मारामारी कशाला म्हणायचे आणि नुसत्या झोंबाझोंबीला कशाला, यावरच एकमत नाही. ब्रेंडन शॅनहान हेही या याद्यांतले नेहमीचे नाव. कारकिर्दीत ६५६ गोल करणारा हा खेळाडू मनसोक्त मारामारीही करायचा. २०११ मध्ये एनएचएलने खेळाडूंच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तेव्हा प्रमुखपदी नेमणूक झाली ती याच शॅनहानची. तो हे काम गांभीर्याने करत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण योगायोग बोलका आहे.

आता मुळाशी येऊ. एनएचएल प्रत्येक शॉट, प्रत्येक अडवणूक, प्रत्येक खेळाडूचा वेग मोजते. पकमध्ये सेन्सर बसवून ती किती वेगाने गेली याचेही आकडे आज मिळतात. त्या लीगला एक गोल, एक असिस्ट आणि एक पाच मिनिटांची शिक्षा यांची बेरीज करता येत नाही, असे कोण म्हणेल? तिन्ही नोंदी अधिकृत धावफलकात स्वतंत्रपणे असतातच. बेरीज करायची नाही, हा निर्णय आहे आणि तो सोयीचा आहे. रकाना उघडला तर मारामारी हे कौशल्य असल्याचे लीगने स्वतः मान्य केल्यासारखे होईल. उद्या न्यायालयात कोणी तोच कागद पुढे करेल. रकाना नसला की कौतुक चाहत्यांचे, जल्लोष समालोचकांचा, तिकीटविक्री संघांची आणि जखमा खेळाडूंच्या. नियमपुस्तकात मारामारीला शिक्षा ठेवायची आणि जाहिरातीच्या चित्रफितीत तिला जागा द्यायची, ही कसरत अनौपचारिक राहिल्यानेच जमते.

या हॅटट्रिकच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, इथे मारामारी करणारा माणूस खेळतोही. बूगार्डसारख्याला केवळ ठोशांसाठी ठेवण्यापेक्षा हे बरे. २००४ च्या स्टॅनली चषकाच्या अंतिम फेरीत जरोम इगिन्ला आणि व्हिन्सेंट लकॅव्हालिए हे दोन्ही संघांचे तारे स्वतःच एकमेकांना भिडले, तो प्रसंग आजही आदराने सांगितला जातो, तो यामुळेच. पण मेंदूला हे कळत नाही. डोक्यावर बसणारा ठोसा गोल करणाऱ्याचा आहे की बाकावरच्याचा, याने इजेत फरक पडत नाही. ज्या हाउच्या नावाने हे गौरव गायले जातात, त्याचे स्वतःचे आयुष्य बाविसाव्या वर्षी डोक्याच्या दुखापतीने जवळजवळ संपले होते, याची आठवण मात्र या कौतुकात सहसा निघत नाही.

प्रथा संपत चालली आहे का?

नियमांपेक्षा खेळाच्या बदललेल्या वेगाने जास्त काम केले आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरासरीने सामन्यागणिक जवळपास एक मारामारी होत असे. आता चार-पाच सामन्यांत एखादी होते. फक्त ठोसे मारू शकणारा खेळाडू आजच्या वेगवान खेळात संघाला परवडत नाही. त्याची जागा चपळ, तरुण खेळाडूने घेतली. खालच्या पातळीवर याहून मोठे पाऊल पडले आहे : कॅनडातील क्यूबेकच्या ज्युनियर लीगने २०२३-२४ च्या हंगामापासून मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढण्याचा नियम केला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यांचा प्रश्न असल्याने तिथे परंपरेची ढाल फार काळ टिकली नाही.

एनएचएलनेही तेच करावे, यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज नाही. मारामारी केली की सामन्याबाहेर, एवढा एक नियम पुरेसा आहे. त्याने मारामाऱ्या पूर्ण थांबणार नाहीत. पण पाय घालण्यापेक्षा ठोसा स्वस्त, हा उलटा हिशेब तरी सरळ होईल. आपले तारे सामना अर्ध्यात सोडून जाणे संघांना परवडणार नाही. त्यामुळे प्रशिक्षकच त्यांना आवरतील.

लीगला तशी घाई दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये एनएचएलने भरवलेल्या चार देशांच्या स्पर्धेत अमेरिका आणि कॅनडा आमनेसामने आले. दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रगीतावेळी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खेळ सुरू झाल्यापासून घड्याळातले नऊ सेकंद सरण्याआत तीन मारामाऱ्या झाल्या. अमेरिकेच्या बाजूने मॅथ्यू आणि ब्रेडी टकाचक हे भाऊ आणि जे. टी. मिलर, कॅनडाकडून ब्रँडन हेगल, सॅम बेनेट आणि कोल्टन पराइको. अमेरिकी खेळाडूंचे हे आधीच ठरले होते, हे नंतर उघड झाले. सामना एनएचएलच्या नियमांनी होत असल्याने कोणीही बाहेर गेले नाही. त्या नऊ सेकंदांची चित्रफीत जगभर फिरली, एरवी आइस हॉकीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांच्या मोबाइलवरही पोहोचली. सामना अमेरिकेने ३-१ असा जिंकला. त्या रात्री मारामारी करणाऱ्या सहापैकी एकालाही गोल करता आला नाही.